बर्फातल्या वाटेचा ठराव

भालकी
१० एप्रिल २०११

तू उठलास कामून? सरकारनं विमानाचं तिकीट काढून लंडनला पाठवलं, बसायला खुर्ची दिली, पुढं देशाच्या नावाची पाटी ठेवली. आणि नेमका मल्लेशच्या जिवाचा मुद्दा निघाला तेव्हा तू उठून बाहेर व्हरांड्यात जाऊन बसलास. वर मला फोनवर सांगायलास, "आजी, मी आज्जासारखं वागलो." आग लागो तसल्या वागण्याला. हे आधी लिहिलं, आता रीतीचं लिहिते.

चिरंजीव रविकुमार, आशीर्वाद. इकडं सगळे बरे. तुझी तब्येत चांगली असणारच, उठायला-बसायला पाय तर झकास चालायलेत.

फोन मी आपटला, व्हय. म्हणून तू करायचा बंद केलास. बरं झालं. फोनवर तू "हां आजी, हां आजी" म्हणतोस आणि गळ्याशी आलं की रेंज जाते. कागदाला रेंज लागत न्हाई. माझी शाळा दुसरीपर्यंत, तीबी मेंढरामागं जात-येत झालेली, तवा अक्षराला हसू नको. लागलं न्हाई तर बायकोला वाचायला लाव. जगदेवीलाबी कळू दे नवरा लंडनला काय करून आला.

तू जे सांगितलास ते मी नीट ऐकलंय. कान शाबूत हैत माझे. पृथ्वीच्या वरच्या टोकाला बर्फाचा समुद्र. आता उन्हाळ्यात तिथलं बर्फ फुटायलंय म्हणून जहाजांना जवळची वाट सापडली. त्या वाटंनं जाणाऱ्या जहाजावर काय काय असावं, त्याचा नियम साऱ्या देशांनी एका खोलीत बसून करायचा. त्यात एक कलम असं की जहाजावरच्या दर माणसाला त्याच्या मापाचा गारठ्याचा पोशाख पाहिजे, आणि जीव वाचवायची होडी असते तिचं इंजिन त्या थंडीत चालू झालं पाहिजे. नव्या जहाजांना हे लावायला कुणाची ना न्हाई. जुन्यांना लावायचं का, तिथं सारं अडलंय. आणि आपला मल्लेश जुन्याच जहाजावर, इंजिनखोलीत तेल घालायला. तूच त्याला मुंबईला नेऊन, शिकवून, तिथं चिकटवलास.

"जुन्यांनाबी लावा" असं आपल्या देशातर्फे बोलायचं होतं. तो कागदसुद्धा तुझ्याच हातचा. मग मुद्दा आल्यावर तुला एकाएकी आठवलं की आपला चुलतभाऊ असल्या जहाजावर हाय, आपण ह्यात बसणं बरं दिसत न्हाई. मागं आपल्याच देशाच्या माणसांत जहाजमालकांचा सल्लागार बसलेला, त्याला सांगून तू बाहेर. तो गडी त्याचीच वाट बघायलता. तुझ्या खुर्चीत सरकला आणि बोलला, जुन्या जहाजांना सूट द्यायला आमच्या देशाची हरकत न्हाई. आमचा देश म्हणे. आमच्यातल्या कुणाला विचारलं बाबा त्यानं?

आता आज्जाचं ऐक. बिरोबाच्या देवळापुढं पंच बसायचे तवा तुझा आज्जा राघोबा मानाचा माणूस. आपल्या घरच्याचा तंटा आला की तो उठायचा आणि ओढ्याकडच्या धोंड्यावर पाठ करून बसायचा. तू लहान असताना बघितलास आणि गावभर फुशारकी मारत फिरलास. पण तो तंटा असायचा. चोर कोण, साव कोण, दंड कुणाला. तिथं घरच्यानं बसायचं न्हाई, बरोबर हाय. दिवाळीनंतर मेंढरं मांजरा नदी ओलांडून भीमेकडं न्यायची, त्या वाटेचा ठराव येगळा असायचा. तिथं उलटं. ज्याची मेंढरं त्या वाटंनं जाणार त्यानंच बसायचं. ज्याची न्हाईत त्यानं तोंड उघडायचं न्हाई. एका साली अंकुशराव उठायला लागला. म्हणला, माझाच कळप पुढं जाणार, मी बोललो तर लोक म्हणतील स्वतःचंच बघायलाय. आज्जानं त्याचं धोतर धरलं आणि खाली बसवलं.

"तुझीच मेंढरं जायलीत. तू उठलास तर काटा कुठं हाय ते कोण सांगंल, ऊसवाला?"

असं म्हणला तुझा आज्जा. हे तू बघितला न्हाईस, कारण तवा तू शाळेत होतास. शाळेत गेल्याचा हा तोटा. एका जागचा रिवाज उचललास आणि दुसऱ्या जागी नेऊन ठेवलास. लंडनला कुणाचा तंटा चालला नव्हता. वाट ठरायलती.

आता काय करणार ते स्वतःच्या हातानं लिहून पाठव.

पद्माबाई


भालकी
१९ जून २०११

मी जबाब तुला मागितला होता, जगदेवीला न्हाई. तिचं पत्र आलं. अक्षर मोत्यासारखं, आत काय न्हाई. "हे कामात आहेत, तुमची फार आठवण काढतात." आठवण काढून काय लोणचं घालायचंय? पोरीचा दोष न्हाई, तिला तू पुढं केलास. साहेब झाल्यापासून तुझी ही खोडच झाली, पुढं दुसऱ्याला बसवायचं.

आशीर्वाद आहेतच.

त्या पत्रामागं तू अर्धं पान लिहिलास ते मी दोनदा वाचलं. बर्फाकाठचे देश म्हणतात, बर्फ आमच्या दारातलं, आमची परवानगी काढा, आमचं बर्फ फोडायचं जहाज भाड्यानं घ्या. ज्यांची जहाजं लई ते म्हणतात, खर्च वाढवू नका. काही देश म्हणे परक्या जहाजांना नुसता आपला झेंडा भाड्यानं देतात, त्यांना गिऱ्हाईक तुटायची भीती. आणि काहींना फिकीर बर्फ बघायला निघालेल्या श्रीमंत म्हाताऱ्यांची. ज्यानं त्यानं आपलं हित मांडीवर घेऊन बसलंय. ह्यात मला नवल वाटलं न्हाई. वाटेवरच्या गावांचंबी असंच असायचं. एका गावाला शेतात मेंढरं बसवून लेंडीखत पाहिजे, पुढच्या गावात ऊस म्हणून मेंढरू दिसलं की शिव्या, तिसरं गाव नुसतं वेशीवर उभं राहून हात पसरणार. त्यांच्यावर मी कधी चिडले न्हाई. माणसानं आपलं बघावंच.

चिडले ते तुझ्या पुढच्या ओळीवर. "आजी, आपल्या देशाचं त्यात थेट हित नाही."

मल्लेशला विचार जहाज कुणाचं. मालक एका देशातला, झेंडा दुसऱ्याचा, पोटातलं लोखंडाचं खनिज तिसऱ्याचं, विकत घेणारा चौथा. समुद्र तर आपला न्हाईच. मग त्या जहाजात आपल्या देशाचं काय हाय? माणसं हैत. इंजिनखोलीत आपली, स्वयंपाकात आपली, दोर ओढायला आपली. दुसऱ्यांनी आपापलं लोखंड, आपापलं बर्फ, आपापलं भाडं संभाळलं. तुझ्या पदरात देशानं माणसं घातली होती आणि तुला त्यात हित दिसंना.

तू असंबी लिहिलास की मेंढरांची वाट आणि समुद्राची वाट एक न्हाई, तिथं एका शब्दावर वर्ष-वर्ष घासाघीस चालते, एकानं धोतर ओढून काम होत न्हाई. असंल. मी समुद्र बघितला न्हाई, तू बघितलास. हे तुझं मी मानलं.

पण खालची ओळ बघ तुझी तूच. साहेबांनी निघायच्या आधीच सांगितलं होतं म्हणे, त्या कलमावर फार ताणू नकोस, जहाजमालक नाराज व्हायलेत. मग तू व्हरांड्यात जायच्या आधीच तुला ठाऊक होतं खुर्चीत कोण सरकणार ते. आज्जाचं नाव कामून मधी घेतलास? भ्यालो म्हणून लिहायचं होतं. भिणं मला समजतं. मीबी लांडग्याला भ्यालेय, पोलीसपाटलाला भ्यालेय. पण मेलेल्या माणसाचा रिवाज घोंगडीसारखा अंगावर घेऊन त्याच्याखाली भिणं, हे आपल्या घरात तूच पहिला केलास.

मल्लेश गेल्या महिन्यात जहाजावर चढला. ह्या पावसाळ्यात त्याच वाटंनं जाणार म्हणला. त्याची बायको धनलक्ष्मी टीव्हीवर तुझा लंडनचा फोटो मांडून बसलीय, त्या पाटीमागं बसलेला. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, आमचे भावजी तिथं नियम करतात, आमच्या घरच्याला काय भ्या न्हाई. मी गप बसते. तू उठलास ते मी हिथं कुणाला सांगितलं न्हाई. तुझ्यासाठी न्हाई, तिला रात्री झोप लागावी म्हणून.

पद्माबाई


भालकी
१४ नोव्हेंबर २०११

हे पत्र मी लिहू नये असं मल्लेशनं मला बिरोबाची आण घालून सांगितलंय. बिरोबाला माझ्यावर सोड, आमचं जुनं हाय.

दिवाळी झाल्यावर आठ-दहा दिवसांनी तो आला. न कळवता. वाळला होता, पण जहाजावरनं सगळेच वाळून येतात. जेवायला बसला. भाकरी-दूध वाढलं तर धनलक्ष्मीला म्हणतो, काला तू मोडून दे. मी म्हणलं, परदेशात जाऊन हात झिजले का रं तुझे? ती हसली, तो हसला, मी हसले न्हाई. उजवा हात मांडीखाली होता. मी म्हणलं, वर काढ. काढंना. मग मीच ओढला. दोन बोटं शेंड्याला न्हाईत, मधलं आणि त्याच्या शेजारचं. कातडं काळं, कढईच्या बुडासारखं.

धनलक्ष्मी ताट सोडून उठली आणि माजघरात गेली. रडली असंल. बाहेर आली तवा तोंड धुतलेलं होतं आणि तिनं भाकरी मोडून दिली.

काय झालं ते त्यानं तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं. पुढं बर्फ फोडणारं जहाज, मागं ह्यांचं. बर्फाचा एक थोर तुकडा फिरून मागं आला आणि सुकाणूला बसला. जहाज जाग्यावर गिरकी घेऊ लागलं. भोंगा झाला, सगळ्यांनी होडीकडं या. पोशाख वाटले. वरच्या साहेबांना पुरले, इंजिनखोलीवाल्यांपर्यंत येताना सरले. त्याला एक मिळाला तो कुण्या बुटक्याच्या मापाचा, छातीवर चेन लागंना, आणि हातमोजे त्याच्यात नव्हतेच. होडी खाली सोडली तर इंजिन चालू होईना. ही जड होडी हेलकावे खायली, होडीचा लोखंडी आकडा अडकला, कुणीतरी सोडवायला पाहिजे. ह्यानं हात घातला. उघडा हात, बर्फातलं लोखंड. चिकटला. मग हिसका मारून सोडवला.

जहाज बुडलं न्हाई. तासाभरात सुकाणू परत चालू झालं, सगळे परत वर चढले, स्वयंपाक्यानं चहा केला. मेलं कुणी न्हाई, म्हणून कुठं लिहून आलं न्हाई. बंदरात दवाखान्यात नेलं, बोटांची टोकं काढली, आणि कामावर असताना निष्काळजी केली असं त्याच्याच सहीनं लिहून घेतलं.

मी विचारलं, रविला कळवलास का? तर म्हणतो, "नको आजी. अण्णाला वाईट वाटंल."

ऐकलास? बोटं ह्याची गेली आणि ह्याला फिकीर तुझ्या वाईट वाटण्याची. म्हणून लिहायलेय. वाईट वाटावं म्हणूनच लिहायलेय.

तो असंबी म्हणला की अण्णा तिथं आपल्यासाठी भांडायलाय, साहेब लोकांत एकटा, त्याला तरास देऊ नये. धनलक्ष्मीनं टीव्हीवरच्या फोटोकडं बघितलं. मीबी बघितलं. बरा दिसतोस कोटात. खरं माझ्या ओठावर आलं होतं. मी उठून शेळीला पाणी पाजायला गेले.

जबाब दे.

पद्माबाई


भालकी
३ फेब्रुवारी २०१२

मलमाची डबी पोचली. भारी वास हाय. बोटं काही त्यानं फुटून येणार न्हाईत. डबीबरोबर एक ओळ लिहायला तुझ्या हाताला काय झालं होतं, तुझी तर सगळी शाबूत हैत.

जगदेवीनं लपून फोन केला. तिनं सांगितलं, ह्या महिन्यात लंडनला परत बैठक हाय आणि तू जायलास. तू मला कळवला न्हाईस. तिच्यावर रागावू नको. ती म्हणली, "आजी, हे जेवत न्हाईत नीट. कागद काढतात, बघतात, ठेवून देतात." मी तिला म्हणलं, त्याला जेवायला वाढू नको, उपाशी माणूस खुर्ची घट्ट धरतो. ती हसली. चांगली पोरगी हाय, तुला जास्त झाली.

ह्या वेळी काय करायचं ते सांगते. भाषण लिहून द्यायला मला येत न्हाई. पण आधी साऱ्या खोलीला सांग की माझा भाऊ असल्या जहाजावर हाय. लपवायचं न्हाई. मग बस. कुणाला वाटलं हा घरच्यासाठी बोलायलाय, तर वाटू दे. त्यांनी त्यांच्या घरचं बोलायचं, त्यांच्या लोखंडाचं, त्यांच्या झेंड्याचं, आणि आपण तेवढं सोवळं नेसून बाहेर थांबायचं का? हरलास तर हर. मला हरलेल्याचा राग न्हाई.

साहेब बोललेत ते ध्यानात हाय माझ्या. नोकरी जाईल का? जगदेवीला शिवणकाम येतं, तुला हिशेब येतो, भालकीत कारखाना हाय. पोटाला लागंल. हे मी हलक्यानं लिहीत न्हाई. ह्या घरात तुझी एकच नोकरी हाय अशी, ते मला ठाऊक हाय.

पद्माबाई


भालकी
१८ मार्च २०१२

म्हणजे मल्लेशला कंसात ठेवलं तुम्ही लोकांनी.

तुझं पत्र आलं. ह्या वेळी तुझ्याच हातचं, चार पानं, खाडाखोडीसकट. रीतीचा आशीर्वाद घे, आणि ह्या वेळचा जरा मनापासूनचा समज. पण कंसाचं मला पचंना.

तू लिहिलास, बसलो. आधी उभं राहून सांगितलं की माझा भाऊ अशा जहाजावर आहे आणि त्याची दोन बोटं गेली आहेत, हे ध्यानात धरून सगळ्यांनी माझं ऐकावं. मागनं सल्लागारानं कोट ओढला. तू बोलत राहिलास. मग अध्यक्षानं आभार मानले. दोन देश तुझ्या बाजूनं बोलले, बर्फाकाठच्या एका देशानं म्हणलं विचार करू, आणि बाकीच्यांनी वेळ मागितला. मग ज्या वाक्यावर भांडण मिटत न्हाई त्याच्या दोन्ही बाजूंना चौकोनी कंस घालायचा आणि पुढच्या वर्षाला ढकलायचं, अशी त्या खोलीची रीत हाय म्हणे. "जुन्या जहाजांनाही" एवढे दोन शब्द कंसात पडले. मागल्या साली ते खोडायलाच निघाले होते, ते निदान राहिले, हे मोठं काम झालं असं तू लिहिलास. असंल. मला कळतंय की तुझ्यामुळं राहिले. तरी मी तुला शाबासकी द्यायला हे लिहीत न्हाई. कंस थंडीत अंगावर घालता येत न्हाई.

आणि परत आल्यावर तुझं टेबल बदललं. आता बंदरातल्या दिव्यांची देखरेख. मागल्या पत्रात मी कारखान्याचं लिहिलं होतं, त्यापेक्षा दिवे बरे. तू कुरकुर केला न्हाईस, ते मी बघितलं.

पण शेवटच्या पानावर तू परत तेच करायलास. मल्लेशला त्याच जहाजावरनं बोलावणं आलंय, वैशाखात निघायचं. तू लिहितोस, "आजी, तू त्याला जाऊ नको म्हण. तुझं तो ऐकतो. मी मुंबईच्या बंदरात लाँचवर त्याचं काम बघून ठेवलं आहे. लंडनचं मात्र त्याला काही सांगू नकोस, उगाच मन खट्टू होईल."

मी सांगायचं. मी अडवायचं. तू मागं राहायचं. लंडनला खुर्ची धरायला शिकलास आणि घरातली सोडायलास.

मी त्याला जा म्हणणार न्हाई आणि जाऊ नकोबी म्हणणार न्हाई. धनलक्ष्मीला मी विचारलं. ती म्हणली, "आजी, मला इचारू नका. गेला तर मी रोज मरते, न्हाई गेला तर तो घरात बसून रोज मरतो." तिचं तिनं सांगितलं. आता त्याचं त्यानं सांगायचं. आजवर त्याच्याबद्दल मालक बोलला, सल्लागार बोलला, साहेब बोलला, तू बोललास, सगळ्यात जास्त मी बोलले. ज्याचा हात लोखंडाला लागला त्याला कुणी इचारलं न्हाई. ठरावात ज्याचा कळप त्याला बसवायचा म्हणून मी वर्षभर तुझ्या कानीकपाळी ओरडले, आणि कळप कुणाचा हे मीच इसरले होते.

मल्लेश पुढल्या आठवड्यात लातूरहून रेल्वेनं निघायलाय. त्याच्या कंपनीच्या माणसाला भेटायला मुंबईला येतोय, उतरणार तुझ्याच घरी. हे पत्र त्याच्या आधी पोचावं म्हणून आजच टाकते. त्याला जेवू घाल. मग जगदेवीलाबी बोलाव आणि माझी सगळी पत्रं, पहिल्यापासून, त्याच्यासमोर मोठ्यानं वाच. मी तुला लिहिलेल्या शिव्या गाळायच्या न्हाईत. तू पहिल्या खेपेला उठलास ते तूच तुझ्या तोंडानं सांग, आज्जाचं नाव न घेता. दुसऱ्या खेपेला बसलास तेबी सांग, पण नंतर. कंस म्हणजे काय ते समजावून सांग, की आणखी वर्ष-दोन वर्षं त्या जहाजावर त्याच्या मापाचा पोशाख ठेवा असं कुणी मालकाला बांधू शकत न्हाई. लाँचचं कामबी सांग. तो चिडला तर चिडू दे. हात उगारला तर मार खा, तुझ्यापेक्षा लहान हाय, फार लागणार न्हाई.

मग ह्या पत्राचा जबाब मल्लेशनं लिहायचा. जातो का न्हाई, आणि कामून. तू न्हाई, जगदेवीनं न्हाई. तो लिहीत असताना तू शेजारी बस, पण त्यानं काहीबी लिहिलं तरी तू त्यातला एक शब्दसुद्धा बदलायचा न्हाई.

पद्माबाई